नाथषष्ठीची वाट आणि मागे राहिलेले घर

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणारा रस्ता भगव्या पताकांनी फुलू लागतो. नक्षत्रवाडी, चितेगाव, बिडकीन, ढोरकीन ही या वाटेवरची गावे. उन्हे तापू लागलेली असतात, रब्बीची ज्वारी काढणीस आलेली असते आणि अशा ऐन कामाच्या दिवसांतही नाथांच्या ओढीने माणसे घर सोडून चालू लागतात. डोक्यावर तुळशीवृंदावन, खांद्यावर पडशी, मुखी नाम. चितेगावच्या फाट्यावर क्षणभर टेकून, पाण्याचा घोट घेऊन दिंडी पुढे सरकते. या सोहळ्याचे वर्णन दरवर्षी होते आणि ते व्हावयासच हवे. आज मात्र आम्हांस वाचकांचे लक्ष एका वेगळ्याच प्रश्नाकडे वेधावयाचे आहे. दिंडीत निघालेल्या प्रत्येक कुटुंबात पडशी बांधताना तो विचारला जातो : मागे घरी कोण?

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे असे. एकत्र कुटुंबात एक भाऊ वारीस निघाला तर दुसरा घरी राही. म्हातारी आजी ओसरीवर बाज टाकून बसलेली असे आणि तिच्या नजरेतून परके कुत्रेही सुटत नसे. आता चितेगावसारख्या गावाचेच रूप पालटले आहे. औरंगाबाद–पैठण रस्ता, चौदावा किलोमीटर दगड, हा व्हिडिओकॉन कंपनीचा नोंदणीकृत पत्ता एके काळी देशभर ठाऊक होता. कारखान्यांच्या मागोमाग कामगार आले, कामगारांसाठी भाड्याच्या खोल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तरी रस्त्याकाठची वस्ती काही पुन्हा पूर्वीच्या गावात विरघळली नाही. जुन्या गावात चार पिढ्यांची ओळख आणि नव्या खोल्यांत भिंतीपलीकडच्या माणसाचे आडनावही ठाऊक नाही, अशी ही दोन गावे एकाच नावाखाली नांदत आहेत. नवरा-बायको दोघे कामावर, मुले शाळेत आणि दिवसभर दाराला कुलूप. सणासुदीला हीच मंडळी आपापल्या मूळ गावी गेली की ओळीच्या ओळी अंधारात.

अशा वेळी कोणी भाविक सहजच म्हणतो, "नाथांच्या दारी निघालो आहोत, घराची काळजी नाथांना!" या उद्गारामागील श्रद्धेस आमचा नमस्कार. परंतु नाथांचे चरित्र नीट पाहिले तर त्यात या प्रश्नाचा मोठा मार्मिक विचार आढळतो.

नाथांच्या घरी चोर शिरल्याची आख्यायिका संप्रदायात घरोघर सांगितली जाते. रात्रीच्या कीर्तनाच्या गर्दीत चोर वाड्यात लपून राहिले. सारे निजल्यावर त्यांनी भांडीकुंडी, वस्त्रे गोळा केली आणि देवघरापाशी येताच त्यांची दृष्टी गेली. नाथांनी त्यांच्या डोळ्यांवरून हात फिरविला, दृष्टी परत दिली, बोटातील अंगठी काढून त्यांच्या हाती ठेवली आणि गिरिजाबाईंना त्यांच्यासाठी पाने वाढावयास सांगितली. ही कथा ऐकून श्रोत्यांचे डोळे पाणावतात. परंतु तिचा अर्थ 'दार उघडे टाका' असा करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अंगठी नाथांनी आपल्या हाताने काढून दिली. दान देणारा जागा होता, घेणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभा होता. झोपेत घर फोडले जाणे आणि जागेपणी हात सैल सोडणे या दोहोंत फार अंतर आहे. शिवाय नाथ जे देत होते ते स्वतःचे होते. मुलीच्या लग्नासाठी बारा वर्षे गाठीला बांधलेले डोरले, सासूने सुनेच्या हवाली केलेली पेटीतली पैठणी, बचत गटाची कपाटात ठेवलेली रक्कम ही एकट्या घरधन्याची मालमत्ता नसते. तिच्याविषयी उदार होण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

नाथांची जडणघडण कोठे झाली हेही पाहावे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार. म्हणजे ज्यांच्या चरणी नाथांनी परमार्थ शिकला, त्यांचा व्यवसायच मुळी राखणीचा होता! स्वामी समाधीत असताना किल्ल्यावर शत्रू चालून आला आणि शिष्याने गुरूंचे चिलखत चढवून तो परतविला, अशी कथा आहे. दुसरी कथा त्याहून प्रसिद्ध. हिशेबात एका पैची चूक येत होती, म्हणून तरुण नाथ रात्रभर दिव्यापुढे वह्या उलगडून बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळ्या पिटू लागले. एका पैसाठी रात्र जागविणारा आणि चोराला अंगठी काढून देणारा पुरुष एकच होता. षष्ठीला 'पंचपर्व' म्हणतात ते जनार्दनस्वामी आणि नाथ या दोघांच्या चरित्रांतील पाच प्रसंग या एकाच तिथीस जोडलेले आहेत म्हणून. तेव्हा या दिवशी नाथांच्या औदार्याबरोबर त्यांच्या गुरूंच्या पहाऱ्याचीही आठवण व्हावी, हे उचितच आहे.

त्या देवगिरीचीच गोष्ट घ्या. कातळ तासून उभी केलेली कडेलोट भिंत, खोल खंदक, काळोखी भुयारी वाट, दरवाजांवर हत्तीच्या मस्तकाला टोचतील असे खिळे. याहून भक्कम घर कोणते असणार? तरी १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीच्या वेढ्यापुढे रामदेवरावास नमावे लागले. गडावर धान्य म्हणून चढविलेल्या पोत्यांत मीठ निघाले, असे सांगतात. तट शाबूत होता, कोठार कोणी तपासले नव्हते. आपल्या गावांतील घरफोड्यांच्या बातम्या वाचताना आम्हांस हे मीठ हटकून आठवते. प्रत्येक बातमीत एक वाक्य ठरलेले : 'कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश केला.' घरधन्याने आठशे-हजार रुपयांचे नामांकित कुलूप आणलेले असते आणि ते चोराने हातही न लावता तसेच्या तसे लोंबकळत सोडलेले असते. कारण ते ज्यात अडकविले तो कोयंडा पातळ पत्र्याचा, दोन आखूड स्क्रूंनी चौकटीला चिकटविलेला. पहारीचा एक हिसका त्यास पुरतो. कोयंडा जाड लोखंडी असावा, तो आरपार बोल्टाने बसवून आतल्या बाजूने नट आवळलेला असावा, आणि बाहेरच्या टाळ्यापेक्षा दाराच्या अंगातच बसविलेले कुलूप बरे. हे काम कोणताही सुतार किंवा वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून देतो. चौकटच वाळवीने खाल्लेली असेल तर मात्र आधी तिचे पाहावे.

'घरफोडी' हा शब्दही आपल्या मातीतला आहे. पांढरीच्या जाड भिंतींना भगदाड पाडून चोर आत शिरत, घर अक्षरशः फोडीत, तेव्हाचा तो शब्द. त्या काळी धान्य पेवात, रोकड बळदात आणि दाराला आतून अडसर असे. पण खरी राखण भिंतीची नव्हती. गावाला गावकूस होते, वेस होती, वेशीत वेसकर होता आणि रात्री हाकारे देत फिरणारा जागल्या होता. चोरी झालीच तर पावलांचा माग काढीत जात. माग ज्या गावाच्या शिवेत थांबे त्या गावाने तो पुढे नेऊन दाखवावा, नाही तर भरपाई द्यावी, असा दंडक अनेक ठिकाणी होता. म्हणजे चोरी ही एका घराची बाब नव्हती, ती गावाची अब्रू होती. यातला एक अन्याय मात्र झाकून ठेवता येणार नाही. ज्यांच्या जागरणावर गाव निर्धास्त झोपत असे त्या वेसकरांची घरे गावकुसाबाहेर होती. नाथांनी 'जोहार' या नावाने भारुडे रचली ती याच गावचाकराच्या मुखाने बोलणारी; गावाच्या कारभारावर, आणि त्या मिषाने देहाच्या कारभारावर, त्याला बोलावयास लावणारी. ती वतनदारी आता गेली हे योग्यच झाले. वंशपरंपरेची पोलीस पाटीलकीही १९६७ च्या कायद्याने संपली आणि नेमणुकीचा पोलीस पाटील आला. पण गावाने रात्र वाटून घेण्याची जी रीत होती तीही त्याबरोबर विरली, याची हळहळ वाटते. पोलीस कायद्यात ग्रामरक्षक दलाची तरतूद आजही आहे. बहुतेक गावांत हे दल एखादी मोठी चोरी झाल्यावर आठ-पंधरा रात्री उत्साहाने काठ्या घेऊन फिरते आणि मग पुन्हा पुढच्या चोरीची वाट पाहते.

चोराला काय हवे असते याचा विचार केला तर ही सामुदायिक राखण का उपयोगी पडते हे कळते. त्याला वेळ हवा असतो आणि अंधार हवा असतो. म्हणूनच तो घर फोडण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालतो. शेजाऱ्यांची भीती त्याला आपल्या कुलपापेक्षा अधिक वाटते, याचा याहून उघड पुरावा नाही. नाथषष्ठीनंतर उन्हाळा चढतो, मराठवाड्यातील माणसे गच्चीवर, माळवदावर निजू लागतात. वर सारे कुटुंब गाढ झोपेत आणि खाली दार नुसते लोटलेले, हा या ऋतूतला ठरलेला घोटाळा आहे. खालच्या दाराला आतून अडसर घालून जिन्यावरचे दारही बंद करून किल्ली उशाशी घ्यावी. शेतकऱ्याचे तर अर्धे घर शेतात असते : विहिरीवरची मोटार, तांब्याची केबल, गोठ्यातली शेळ्या-करडे. मोटारीवर आपले नाव-गाव वेल्डिंगने कोरून घेतले तर भंगारात विकणाऱ्याची पंचाईत होते.

कुलपाविना घरे म्हणून आपल्याकडे शनिशिंगणापूरचे उदाहरण नेहमी दिले जाते. नेवासे तालुक्यातील या गावात घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे आणि शनिदेवाच्या धाकाने तेथे चोरी होत नाही, अशी श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेने तेथे कुलूप नसलेली शाखा काढली, तिचे मोठे कौतुक झाले. रोकड सुरक्षित ठेवण्याची तजवीज मात्र बँकेने केलीच होती. त्या आधी २०१० मध्ये एका यात्रेकरूने आपल्या वाहनातून ऐवज गेल्याची तक्रार दिली. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणेही आले. आणि २०२५ मध्ये तर देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांचे पैसे परस्पर लाटल्याचे प्रकरण थेट विधिमंडळात गाजले. ज्या गावात दारच नाही तेथेही चोराने वेगळी वाट शोधली. ही परंपरा इतकी वर्षे टिकली ती धाकाबरोबरच सारे गाव एकमेकांस ओळखत होते म्हणून, असे आम्हांस वाटते. लाखो अनोळखी पावले रोज येऊ लागली की त्या ओळखीचे बळ कमी होणारच.

आता यात्रेतील सावधगिरीविषयी. चोर दर्शनाच्या रांगेपेक्षा एस. टी.च्या दाराशी अधिक असतात. मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास मिळू लागला, ही आनंदाची गोष्ट. परंतु गाडी लागताच दाराशी जी रेटारेटी होते तीत एक हात दांडीला, दुसरा पिशवीला आणि गळा मोकळा. पोत तुटल्याचे जागेवर बसल्यावर कळते. गोदाकाठी स्नानाला उतरताना कपड्यांच्या गाठोड्यापाशी आपले एक माणूस बसवावे. आणखी एक युक्ती वृद्धांवर फार चालते. साध्या कपड्यांतील दोन इसम वाटेत अडवितात, "आम्ही पोलीस आहोत, पुढे चोरी झाली आहे, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा," असे सांगतात, स्वतःच प्रेमाने पुडी बांधून देतात. घरी येऊन सोडावी तो आत खडे. खरा पोलीस रस्त्यात कोणाचेही दागिने काढावयास सांगत नाही, हे घरातील आजी-आजोबांना निघण्यापूर्वी दोनदा सांगावे. भांडी आणि दागिने चमकवून देतो म्हणत दारी येणाऱ्यांचीही तीच जात. आणि तरुण मंडळींनी दिंडीतील छायाचित्रे मोबाइलवर जगास दाखविण्यापूर्वी चार दिवस धीर धरला तर बरे. घराला कुलूप असल्याची दवंडी त्यासोबतच पिटली जाते.

मौल्यवान वस्तू यात्रेला नेऊ नये आणि घरीही सोडू नये, मग ठेवावी कोठे? बँकेचे लॉकर हे उत्तर आहे, पण तेही डोळे उघडे ठेवून. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार लॉकरमधील ऐवज चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपर्यंतच आहे. भाडे दोन हजार असेल तर दोन लाख. आजच्या सोन्याच्या भावात त्यात किती तोळे बसतात याचा हिशेब ज्याने त्याने करावा. घरफोडीचा विमा निराळा मिळतो, मात्र बळजबरीने आत शिरल्याच्या खुणा असल्याखेरीज बहुधा भरपाई मिळत नाही. दागिन्यांची एक यादी मात्र प्रत्येक घरी हवी : वजन, पावती, छायाचित्र. १ एप्रिल २०२३ पासून सराफाने विकलेल्या हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळखखूण असते, ती टिपून ठेवावी. चोरीचा माल पोलिसांनी पकडला तरी "हा माझाच" हे सांगता न आल्याने अडचण होते. एका पैसाठी जागणाऱ्या नाथांच्या भक्तांना ही चार ओळींची नोंद जड वाटू नये.

राखणीचा विचार करताना तिच्या दुसऱ्या टोकाचेही भान हवे. जागरण संशयात बदलावयास फार वेळ लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठेचून ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. मेलेली माणसे होती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, दारोदार भिक्षा मागून जगणारी. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण इतकी अक्षरशः खरी झालेली आम्ही दुसरी पाहिली नाही. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पहिले बोट शिवेबाहेरच्या पालाकडेच वळते. रात्रीच्या गस्तीत अनोळखी माणूस आढळला तर त्याला बसवून ठेवावे, पाणी द्यावे आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. त्याच्या अंगाला हात लावण्याचा अधिकार गस्तीला नाही.

घराप्रमाणे देवघराचीही काळजी. ऑगस्ट २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातील जांब समर्थ येथे, समर्थ रामदासांच्या जन्मगावी, राममंदिरातील प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या आणि साऱ्या मराठवाड्याच्या काळजाचा ठोका चुकला. पुढे पोलिसांनी त्या शोधून आणल्या. त्यापूर्वी २०१२ मध्ये कोकणात दिवेआगरच्या सुवर्णगणेशाची चोरी झाली, तेव्हा दोन पहारेकऱ्यांना प्राणांस मुकावे लागले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्रार्थनास्थळातील मूर्तीच्या चोरीचा स्वतंत्र उल्लेख करून, घरातील चोरीप्रमाणेच, सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. गावोगावच्या विश्वस्तांनी निदान मूर्तींची चारी बाजूंनी छायाचित्रे, उंची आणि वजन लिहून एक प्रत पोलीस ठाण्यात द्यावी. गावातील बहुतेक वारीस गेले असता मंदिरात रात्री दोन माणसे निजण्याची पाळी लावावी, म्हणजे पहाऱ्याला एकटे कोणी राहणार नाही.

अष्टमीस काला होऊन दहीहंडी फुटली की दिंड्या परततात. दाराशी येताच कोयंडा तुटलेला दिसला तर आत धावू नये. चोर अजून आत असू शकतो आणि नसला तरी त्याच्या बोटांचे ठसे कपाटावर असतात. शेजाऱ्यास हाक मारून ११२ ला कळवावे आणि पोलीस येईपर्यंत सांडलेले भांडेही उचलू नये. चोरी वाटेत झाली असेल तर हद्दीचा वाद न घालता कोणत्याही पोलीस ठाण्याने गुन्हा नोंदवून घेतला पाहिजे, असा आता कायदा आहे. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन तीवर सही करावी लागते. नोंदविलेल्या खबरीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी.